विषारी अळंबीची नवी ‘प्रजाती’ की नवी ‘जाती’?

‘विषारी अळंबीची नवी प्रजाती सापडली’ या मथळ्यातील ‘प्रजाती’ हा शब्द बरोबर आहे का, असे ठाण्याच्या एका वाचकांनी विचारले आहे.

अशा ठिकाणी बहुधा ‘जाती’ हवे असते. मराठी विश्वकोशात आणि आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे, म्हणजे एका प्रजातीच्या पोटात अनेक जाती येतात. हिंदीत मात्र जातीलाच ‘प्रजाति’ म्हणण्याची रीत रूढ असल्याने गोंधळ होतो. त्यात ‘देश’ आणि ‘प्रदेश’ ही जोडी डोक्यात असली की प्रजाती ही जातीहून लहान वाटू लागते, आणि ‘प्रपितामह’ पितामहांच्या वरचे असतात हे कोणाला आठवत नाही. ‘जात’ छापताना वाटणारा संकोचही यामागे असावा, असा माझा आपला कयास.

विषारी अळंबीच्या बाबतीत हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांच्या हिरवळीवर पावसाळ्यात पांढरी, माथ्यावर तपकिरी खवले असलेली मोठी छत्री उगवली, तर ती क्लोरोफायलम मोलिब्डाइटिस (पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा) असू शकते. ती खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब होतात. तिची टोपी देठापासून कापून कागदावर पालथी घालावी, वर वाडगे झाकावे. सकाळी कागदावर मळकट हिरव्या बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. तिच्याच प्रजातीतील क्लोरोफायलम रॅकोडिसचा ठसा पांढरा असतो आणि ती युरोपात पुष्कळ लोक शिजवून खातात. तेव्हा ‘ही प्रजाती विषारी आहे’ हे विधान येथे चुकीचे ठरते. गंमत अशी की, ही रॅकोडिस पूर्वी मॅक्रोलेपिओटा या प्रजातीत गणली जाई. डीएनएच्या आधारे तिला 2002 मध्ये क्लोरोफायलममध्ये हलवले गेले. प्रजाती बदलली, जाती तीच राहिली.

‘सापडली’ हे क्रियापदही मला खटकते. अळंबी रानात सापडते. नवी जाती ठरण्यासाठी तिचे वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते, वाळवलेला आदर्श नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि 2013 पासून मान्य नोंदवहीतील क्रमांकावाचून कवकाचे नवे नाव ग्राह्य धरले जात नाही. म्हणून ‘नोंदवली’ म्हणावे. ‘जाती’ हे तत्सम एकवचन अनेकवचनासारखे भासत असेल, तर ‘नवी जात नोंदवली’ असे लिहिण्यास काहीच हरकत नाही.