दाताच्या थ्रीडी स्कॅनमध्ये श्वासमार्ग अरुंद दिसला म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असतोच का?

नाही. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं, आणि एवढ्यावरून ते ठरत नाही. तुम्ही लिहिलंय की इंदूरला बाबांच्या इम्प्लांटसाठी (जबड्याच्या हाडात बसवायचे कृत्रिम दात) सीबीसीटी, म्हणजे हा थ्रीडी स्कॅन, काढला, रिपोर्टमध्ये घशाचा भाग लाल दाखवलाय आणि आता झोपताना तोंडात घालायचं उपकरण करून घ्या म्हणताहेत. मी इथेच असे स्कॅन वाचायचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो लाल रंग सॉफ्टवेअरचा. घशातली हवा स्कॅनमध्ये काळी दिसते. सॉफ्टवेअर प्रत्येक पातळीवर तिचा आडवा छेद किती चौरस मिलिमीटर आहे ते मोजतं आणि लहान आकड्याला लाल रंग देतं. किती आकड्याखाली लाल, ही मर्यादा बदलताही येते. असं रंगीत पान हातात आलं की माणूस घाबरतोच, आणि घाबरलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

मुख्य म्हणजे स्कॅनच्या वेळी बाबा जागे होते, उभे किंवा ताठ बसलेले. मशीन डोक्याभोवती फिरतं त्या थोड्या सेकंदांत आवंढा गिळला, जीभ मागे गेली, हनुवटी जरा खाली झुकली, तरी आकडा बदलतो. अ‍ॅप्निया होतो तो झोपेत, स्नायू सैल पडल्यावर. अरुंद घशाची काही माणसं शांत झोपतात, तर ऐसपैस घशाच्या काहींचाही श्वास अडकतो. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही 2019 मध्ये स्पष्ट केलं की अशा इमेजिंगवरून अ‍ॅप्नियाचं निदान करू नये.

निदान होतं स्लीप स्टडीने. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो ते त्यात मोजतात: मोठ्या माणसांत 5 पासून सौम्य, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. बऱ्याच जणांची ही तपासणी घरीही होते. त्याआधी आईला विचारा. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दिवसा डुलक्या, बीपी, 40 सेंटिमीटरहून जाड मान, हेही बघा.

स्कॅन वाया गेला असं मात्र नाही. नाकाचा वाकडा पडदा, सायनस, मागे गेलेला जबडा त्यात दिसतो; जबडा पुढे आणायच्या शस्त्रक्रियेच्या आखणीत तर तो फार कामाचा. पण केवळ श्वासमार्गासाठी पुन्हा काढू नका, विनाकारण रेडिएशन.

आता ते उपकरण. खालचा जबडा पुढे ओढून धरणारं असेल तर ते दातांवरच टेकतं. बाबांचे दात पडलेत, इम्प्लांट व्हायचेत. आज माप घेतलं तर दात बसल्यावर ते नव्याने करावं लागण्याची शक्यता मोठी. शिवाय ताज्या इम्प्लांटवर असा ताण नको. म्हणून आधी स्लीप स्टडी, मग उपकरणाचं बघा.

छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाताना स्कॅनची मूळ डायकॉम फाइल (संगणकावर उघडायचा पूर्ण स्कॅन) मागून घ्या. त्या रंगीत प्रिंटवरून त्यांना फारसं काही करता येणार नाही.