वाचकांचे प्रश्न : व्हीएम गोठली की अख्खा होस्ट?

प्रश्न : आमच्या केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) सर्व्हरवर वीसेक व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) चालतात, काहींचं रूट (पूर्ण ताबा देणारं खातं) बाहेरच्यांकडे आहे. सुरक्षा सूचनांत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ (सेवा बंद पाडणं) सतत दिसतं. डेटा चोरीला जात नसेल, तर ते मनावर घ्यावं का?

उत्तर : घ्यावं, पण प्रत्येक सूचना सारख्या तातडीची नसते. बंद काय पडणार, ती एक व्हीएम की होस्ट (सगळ्या व्हीएम ज्यावर चालतात ते मशिन), हे आधी बघा.

प्रत्येक व्हीएम म्हणजे होस्टवरची, क्यूमू या प्रोग्रॅमची एक प्रोसेस. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर यांची नक्कल बहुतांशी तीच करते. सीव्हीई-2021-20257 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा दोषाचा नोंदणी क्रमांक) मध्ये गेस्टने (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमने) ई1000 या नकली नेटवर्क कार्डाला चुकीच्या किमतींचा डिस्क्रिप्टर (पाठवायच्या डेटाचं वर्णन) दिला की क्यूमूचा लूप संपतच नाही. एक कोअर शंभर टक्के, ती व्हीएम गोठलेली, शेजारच्या चालू. रूटवाल्याने स्वतःचंच नुकसान केलं, हा पॅच ठरलेल्या दिवशी टाकला तरी चालेल.

सीव्हीई-2015-5307 मात्र त्याच रात्री बुजवण्यासारखा होता. अलाइनमेंट चेक एक्सेप्शन (मेमरीचा पत्ता नीट जुळला नाही की प्रोसेसर देतो ती सूचना) गेस्टकडे पोचवतानाच पुन्हा तेच एक्सेप्शन उठे आणि प्रोसेसर मायक्रोकोडमध्येच (स्वतःच्या आतल्या कोडमध्येच) फिरत राही. तिथे इंटरप्ट (हातचं काम थांबवायचा इशारा) घेतला जात नाही, म्हणून कोअर होस्टच्या हाती परत येत नाही. सीपीयू कोटा लावून उपयोग शून्य. इंटेलच्या काही प्रोसेसरांवरचा सीव्हीई-2018-12207 मुळेही गेस्टला अख्खा होस्ट बंद पाडता येतो. तुमच्या मशिनची स्थिती सिसएफएसमधल्या (/sys) ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरात, ‘आयटीएलबी मल्टिहिट’ या फाइलमध्ये एका ओळीत मिळते. तिथे ‘स्प्लिट ह्यूज पेजेस’ असेल तर बंदोबस्त चालू आहे : कोड असलेली मोठी पानं 4 केबीच्या तुकड्यांत मोडली जातात. त्याने वेग थोडा घटतो, तरी परक्यांना रूट दिलेल्या होस्टवर तो बंद करू नका.

सूचनेत ‘क्रॅश’च्या जोडीला ‘बफर ओव्हरफ्लो’ (मेमरीतल्या ठरावीक जागेबाहेर लिहिणं) दिसला तर आणखी सावध व्हा. 2015 चा ‘व्हेनम’ हा क्यूमूतला दोष फ्लॉपी कंट्रोलरच्या 512 बाइटच्या बफरबाहेर लिहू देत असे; त्यातून क्यूमू कोसळे, आणि होस्टवर कोड चालवण्याचीही वाट उघडत होती. फ्लॉपी ड्राइव्ह काढूनही भागलं नाही, कारण कंट्रोलरचा कोड मागे जागाच राहिला.

प्रश्न : क्यूमूचा पॅच टाकला, सगळ्या व्हीएम आतून रीबूट केल्या. तरी त्या जुन्याच आवृत्तीवर कशा?

उत्तर : आतून रीबूट केल्यावर गेस्ट नव्याने उठतो, क्यूमू प्रोसेस सहसा तीच राहते आणि तिच्या मेमरीत जुनाच कोड असतो. होस्टच्या प्रॉक डिरेक्टरीत (/proc) प्रोसेस क्रमांकाखालची ‘एक्झी’ लिंक बघा. पुढे ‘डिलीटेड’ असा शेरा असेल, तर डिस्कवरची फाइल बदलली पण प्रोसेस बदललेली नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, किंवा पॅच केलेल्या दुसऱ्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करा (चालू असतानाच हलवा); तिथे नवी प्रोसेस उघडते. दोष केव्हीएममध्ये असेल, तर केव्हीएम हा कर्नलचा (होस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) भाग आहे. तेव्हा सगळ्या व्हीएम हलवून होस्टच रीबूट करा.