गनिमी काव्यातला ‘कावा’

व्हिएतनामवर निबंध लिहिणाऱ्या इथल्या, इंदूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘अमेरिका गनिमी काव्याने हरली म्हणतात. म्हणजे फसवणुकीने हरली असं समजायचं का?’

मुळीच नाही. नगरसेवकाने पक्ष बदलला की ‘गनिमी कावा’, जागावाटपात कोणी कोणाला गंडवलं की ‘गनिमी कावा’! ऐकून ऐकून कान किटले. त्यासाठी दगाबाजी, कपट, फितुरी असे चांगले शब्द पडले आहेत.

‘गनीम’ म्हणजे शत्रू, हे सर्वांना माहीत असतं. खरी मौज ‘कावा’त आहे. हा फारसीतून आलेला घोडेस्वारांचा शब्द. लांब दोर लावून घोड्याला रिंगणात फिरवायचं, तो कावा. हिंदीत ‘कावा काटना’ म्हणतात ते हेच. कपट हा अर्थ मागाहून चिकटला. फिरवणारा मधोमध उभा असतो, घामाघूम होतो तो घोडा. माझ्या मते सगळी युद्धनीती या एका शब्दात आली.

काही जाणकार ‘गनिमी’चं नातं ‘गेरिला’शी लावतात. आवाज जुळला की नातं जुळलं, ही कसली व्युत्पत्ती? गेरिला स्पॅनिश, अर्थ ‘छोटं युद्ध’. १८०८ नंतर नेपोलियनशी झालेल्या झुंजीतून तो युरोपभर गेला. त्यात युद्धाचा आकार आहे, आपल्या शब्दात चाल आहे.

चाल पाहायची तर यशवंतराव होळकरांची पाहा. १८०३ मध्ये शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी) असई आणि लासवारीला इंग्रजांसमोर ठाण मांडून लढले आणि मोडले. पुढच्याच वर्षी इंग्रजांचा कर्नल मॉन्सन राजस्थानातल्या मुकुंदऱ्याच्या खिंडीपलीकडे आला. यशवंतरावांनी त्याला ऐन पावसाळ्यात मागे रेटलं. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून टाकाव्या लागल्या; बनास नदी उतरताना माणसं कापली गेली; ऑगस्टअखेर आग्र्याला पोचली ती विस्कटलेली फौज. नोव्हेंबरात फर्रुखाबादला इंग्रज सेनापती लेकने होळकरांना गाठलं, ते पहाटे, घोडे मुक्कामी बांधलेले असताना. कावा थांबला तिथे घात झाला.

व्हिएतनामात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९६८ मध्ये टेट या तिथल्या नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनाम आणि त्याच्या बाजूच्या बंडखोरांनी हल्ला केला; त्यात हल्लेखोरांचीच माणसं जास्त मेली, रणांगणावर ते मागे हटले. पण ‘युद्ध आटोक्यात आलं’ असं ऐकत आलेल्या अमेरिकी जनतेचा धीर सुटला आणि ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. १९७३ मध्ये फौज परतली, १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं. अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले. व्हिएतनामी त्याच्या कितीतरी पट मेले, पण त्यांना परत जायला दुसरा देश नव्हता.

निबंधात एक मात्र सुटू नये. नुसत्या गनिमी काव्यावर इतकी वर्षं निभत नाही. उत्तर व्हिएतनामला रशिया-चीनची शस्त्रं होती, सायगाव घेतलं ते रणगाड्यांनिशी. आणि १९७९ ते १९८९ अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेला जेरीस आणणाऱ्या मुजाहिदीनांना पाकिस्तानात आसरा होता.