माझं पिल्लू थेरपी डॉग होईल का, आणि त्यात माझं करिअर आहे का?

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्याकडे चार महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे, चिंगी. तिला माणसं फार आवडतात. कोणीही आलं की उड्या मारून चाटत सुटते. तिला थेरपी डॉग करायचं आणि पुढे हेच काम करायचं, असं मी ठरवलंय. बाबा म्हणतात, हा छंद झाला, याने पोट भरत नाही. तिला आत्तापासून काय शिकवू? आणि बाबांना काय सांगू?

उत्तर : आधी बाबांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. थेरपी डॉग म्हणजे लोकांना सोबत आणि दिलासा द्यायला नेला जाणारा, शिकवलेला कुत्रा. असा कुत्रा घेऊन रुग्णालयात, वृद्धाश्रमात, शाळेत जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. त्यांना पगार नसतो. चिंगी कितीही गुणी निघाली तरी तिच्या भरवशावर तुझं घर चालणार नाही.

मात्र ज्यांच्या हाताशी स्वतःचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी हेच काम करिअरचा भाग होऊ शकतं. पक्षाघातानंतर हात नीट उचलता न येणारा पेशंट कुत्र्याच्या अंगावरून ब्रश फिरवतो, तेव्हा हात किती वर गेला, किती वेळ टिकला, याची नोंद ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारा तज्ज्ञ, ठेवतो. उद्दिष्ट त्याने ठरवलेलं असतं, कुत्रा मदतीला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजी, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, नर्सिंग, समाजकार्य या सगळ्या वाटा तिथे पोहोचतात. या कामाचा पाया ज्यांच्या नावाने सांगितला जातो ते बोरिस लेव्हिन्सन बालमानसशास्त्रज्ञ होते. न बोलणारी मुलं आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळी होतात, हे त्यांनी 1960च्या दशकात मांडलं. 1976 मध्ये अमेरिकेत ‘थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल’ सुरू करणाऱ्या एलेन स्मिथ नर्स होत्या. दोघांकडेही आधी पेशा होता. तुला माणसांपेक्षा प्राण्यांच्या वागण्यातच जास्त रस असेल, तर पशुवैद्यक किंवा प्राणिवर्तनशास्त्र बघ. बाबांना हे सांग आणि त्यांच्याबरोबर बसून या अभ्यासक्रमांची माहिती काढ.

आता चिंगी. पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. ती त्यातून नुकतीच बाहेर पडली आहे. म्हणून घाबरून जाऊ नकोस, नव्या गोष्टींची ओळख यापुढेही होते, फक्त वेग कमी पडतो. पण राहिलेलं भरून काढायला तिला गर्दीत नेऊ नकोस. वीस अनोळखी हातांनी एकदम कुरवाळलं तर ती शिकते एकच, की माणसांपासून सुटका नसते. व्हीलचेअर दाखवायची असेल तर आधी रिकामी, उभी आणि लांबून दाखव. तिने तिकडे बघितलं की खाऊ दे. तिचं अंग सैल राहिलं तरच दोन पावलं पुढे जा. मग कोणी ती हळू ढकलेल, मग त्यात कोणी बसेल. कुबड्या, वॉकर, लिफ्ट, गुळगुळीत फरशी, खाली पडणाऱ्या भांड्याचा आवाज, सगळं याच पद्धतीने. सहा महिन्यांची झाल्यावर, वयात येताना, कालपर्यंत ओळखीच्या वस्तूलाही ती अचानक बिचकू शकते. तेव्हा पट्टा धरून ओढायचं नाही, अंतर वाढवायचं.

तिच्या उड्यांचं तुला कौतुक आहे, पण या कामात तोच मोठा अडथळा ठरेल. वृद्ध माणसाची त्वचा पातळ असते, एका नखाने रक्त येतं. म्हणून चारही पाय जमिनीवर असले तरच लाड, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा, पाहुण्यांनीसुद्धा. दुसरा महत्त्वाचा शब्द ‘सोड’. रुग्णाच्या खोलीत जमिनीवर गोळी पडलेली असू शकते. पट्टा सैल ठेवून शेजारी चालणं हळूहळू येईलच.

आणि मारायचं नाही, ओरडायचं नाही, गळा आवळणारा पट्टा वापरायचा नाही. गुरगुरल्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा गुरगुरणं बंद करतो, भीती तशीच राहते. असा कुत्रा पुढे सूचना न देता चावू शकतो.

मात्र सगळ्यात जास्त शिकायचंय ते तुला. झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, शेपूट पोटाशी घेणं, यातून कुत्रा ‘मला नको आहे’ असं सांगत असतो. शेपूट हलते म्हणजे खूश, असं समजून फसू नकोस. ताठ अंगाने हलणारी शेपूट तणावाचीही असते. हे वेळीच ओळखून भेट थांबवणारा हँडलर, म्हणजे कुत्र्याला घेऊन जाणारा माणूस, मला हुशार कुत्र्याहून मोलाचा वाटतो. ‘पेट पार्टनर्स’ या अमेरिकी संस्थेत कुत्रा आणि हँडलर यांची परीक्षा जोडीने होते. कुत्रा किमान एक वर्षाचा लागतो आणि दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त भेटी चालत नाहीत. तेव्हा चिंगीची खरी पारख व्हायला अजून निदान आठ महिने आहेत. तोवर लसीकरण पूर्ण कर आणि नखं कापून घ्यायची, अंग पुसून घ्यायची सवय लाव.

कदाचित वर्षाची झाल्यावर तिला अनोळखी माणसं नकोशी होतील. मग ती घरचीच कुत्री राहील, आणि तुझं ऑक्युपेशनल थेरपीचं किंवा मानसशास्त्राचं शिक्षण त्यामुळे अडणार नाही. तिच्यावर ही नोकरी लादू नकोस.

या आठवड्यात बाबांनाच कामाला लाव. घरी कोणी आलं की चिंगीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांग. नंतर आवाज बंद करून दोघांनी बघा आणि तिने कुठे तोंड फिरवलं, कुठे ओठ चाटले, ते लिहून काढा. पुढच्या पत्रात ती यादी पाठव.