छोट्या धंद्याच्या डोमेनवर कॅच-ऑल ईमेल कसं लावायचं, आणि लावावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला की नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत तुमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, ऑफिसात तीन-चार माणसं, डोमेन (ईमेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव) नुकतंच घेतलं, आणि आता पार्टीनं @ च्या आधी सेल्स लिहिलं, ऑर्डर लिहिलं की स्पेलिंग चुकवलं तरी मेल परत न जाता एका ठिकाणी यायला पाहिजे. यालाच कॅच-ऑल म्हणतात. मी इतवारी, गांधीबाग, हिंगणा इकडच्या व्यापाऱ्यांचे आणि कारखान्यांचे मेल लावून देतो, रोजचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॅच-ऑल लावा, पण सुरुवातीचे दोन-तीन महिनेच. लोक खरंच कोणत्या कोणत्या पत्त्यावर लिहून राहिले ते कळलं की ते पत्ते एलियास (त्याच बॉक्सचं दुसरं नाव) करून घ्या आणि कॅच-ऑल बंद करा. कायमचं चालू ठेवा असं मी कुणालाच सांगत नाही.

काहून ते बघा. मेल येतो तेव्हा पाठवणारा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला आधी विचारतो की अमुक पत्ता तुमच्याकडे आहे का, नसला तर तुमचा सर्व्हर तिथल्या तिथे ५५० नंबरची एरर देतो, बहुतेक वेळा सोबत ५.१.१ असा कोड असतो, म्हणजे या नावाचा यूजरच नाही, आणि थोड्याच वेळात पाठवणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये मेलर-डेमनचा, म्हणजे मेल पोचला नाही असं सांगणारा, आपोआप आलेला मेल जाऊन पडतो. लोकांना हा बाउन्स म्हणजे फार नामुष्की वाटते, आपली कंपनी छोटी दिसते वगैरे. पण पार्टीला बाउन्स आला तर पार्टी काय करते, फोन करते, तुमचा मेल जाऊन नाही राहिला म्हणते, तुम्ही बरोबर पत्ता देता, विषय संपला. कॅच-ऑल लावलं की सर्व्हर कोणत्याही नावाला हो म्हणतो, पार्टीला वाटते मेल पोचला, ती निवांत बसते, आणि तो मेल ज्या बॉक्समध्ये पडला तो कुणी उघडतच नसेल तर? तिकडे ती म्हणणार यांना कोटेशन मागितलं तर साधं उत्तरही देत नाहीत. बाउन्सपेक्षा हे कितीतरी वाईट.

हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. वर्धमान नगरातल्या एका हार्डवेअरवाल्यांचा कॅच-ऑलचा बॉक्स उघडला, वर्षभर कुणी बघितला नव्हता. वरून खाली सगळं लॉटरी, एसईओ करून देतो, चिनी सप्लायर, आणि मधातच एका कारखान्याच्या परचेसवाल्याचा मेल, नटबोल्टांची यादी, सोबत ड्रॉइंगची पीडीएफ, त्याखाली आठ दिवसांनी 'काइंड रिमाइंडर', त्याखाली अजून एक. पत्ता काय लिहिला होता, तर सेल्सच्या जागी सेल. एक अक्षर. बाउन्स गेला असता तर त्या माणसानं त्याच दिवशी फोन केला असता.

दुसरं म्हणजे स्पॅम. स्पॅमवाले डोमेन पकडतात आणि इन्फो, अ‍ॅडमिन, अकाउंट्स, एचआर, राहुल, अमित, पूजा अशी हजारो नावं लावून पाठवत जातात, जे नाव घेतलं जाते ते खरं समजून पुढच्या यादीत टाकतात. साध्या डोमेनवर त्यातले बहुतेक दारातूनच परत जातात. कॅच-ऑलवर सगळेच आत येतात, म्हणजे तुम्ही त्यांना सांगून राहिले की आमच्याकडची सगळीच नावं खरी आहेत. त्यात जर तो बॉक्स तुम्ही आपल्या जीमेलला फॉरवर्ड करून ठेवला असेल तर अजून बेकार, कारण तो सगळा कचरा तुमच्या सर्व्हरच्या नावानं जीमेलकडे जातो आणि मग गूगल तुमच्या सर्व्हरचे खरे मेलही अडवायला लागते.

आता लावायचं कसं. आधी हे बघा की मेल कुठे आहे, वेबसाईटच्या होस्टिंगवर की गूगलवर की झोहोवर, हे डोमेनच्या एमएक्स रेकॉर्डवरून (या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद) कळते. डोमेन कुठून घेतलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो.

सी-पॅनेल (होस्टिंग चालवायचं कंट्रोल पॅनेल) असलेल्या होस्टिंगवर असेल तर ईमेलच्या भागात 'डिफॉल्ट अ‍ॅड्रेस' नावाचं बटण आहे, तेच कॅच-ऑल. तिथे डोमेन निवडून 'फॉरवर्ड टू ईमेल अ‍ॅड्रेस'मध्ये आपला बॉक्स टाकायचा. तिथेच एक 'डिस्कार्ड' पण आहे, समोर त्यांनीच लिहिलं आहे की वापरू नका, तर खरंच वापरू नका, त्यानं मेल गुपचूप फेकला जातो, पाठवणाऱ्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही.

गूगल वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिन कन्सोल उघडा, अ‍ॅप्स, मग गूगल वर्कस्पेस, मग जीमेल, तिथे 'डिफॉल्ट राउटिंग'. नवी सेटिंग टाकताना 'ऑल रेसिपियंट्स' घ्या, 'चेंज एन्व्हलप रेसिपियंट'मध्ये ज्या बॉक्समध्ये मेल पाहिजे तो पत्ता लिहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली फक्त 'नॉन-रेकग्नाइज्ड अ‍ॅड्रेसेस'वर लागू करा असा पर्याय आहे तो निवडा. दुसरा पर्याय निवडला गेला तर ऑफिसमधल्या सगळ्यांचे मेल त्या एका बॉक्समध्ये जायला लागतील आणि बाकीचे म्हणतील मेल बंद पडले. सेव्ह केल्यावर लागू व्हायला कधीकधी चोवीस तास लागतात, लगेच दिसलं नाही म्हणून दहा वेळा बदलत बसू नका.

झोहोमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलला डोमेन्समध्ये जाऊन आपलं डोमेन उघडलं की कॅच-ऑलची सेटिंग सापडते. क्लाउडफ्लेअरवर डोमेन असेल तर त्यांचं ईमेल राउटिंग फुकट आहे, त्यात कॅच-ऑलचा पर्याय आहे, पण तिथे मेल फक्त येतो आणि पुढे जातो, त्यांचा स्वतःचा मेलबॉक्स नसतो, उत्तर द्यायची सोय वेगळी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर मात्र कॅच-ऑलच्या भानगडीत पडू नका. तिथे सरळ बटण नाही, डोमेनचा प्रकार बदला, मेल-फ्लोचा नियम लिहा, त्यात खऱ्या लोकांना वगळा, असं सगळं करावं लागते. त्यापेक्षा शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा एक बॉक्स, बनवा, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, आणि त्यालाच इन्फो, सेल्स असे एलियास लावून द्या.

एक गोष्ट आवर्जून तपासा, कारण यात चौकश्या हरवतात आणि कुणाला पत्ताच लागत नाही. वेबसाईट सी-पॅनेलच्या होस्टिंगवर आणि मेल गूगलवर किंवा झोहोवर असं असेल, तर वेबसाईटचा 'कॉन्टॅक्ट अस'चा फॉर्म भरला की मेल त्याच होस्टिंगच्या सर्व्हरवरून निघतो, आणि त्या सर्व्हरला वाटत असते की या डोमेनचे मेल माझ्याकडेच आहेत, म्हणून तो बाहेर गूगलकडे जातच नाही, तिथल्या तिथे डिफॉल्ट अ‍ॅड्रेसच्या बॉक्समध्ये पडतो. गांधीबागेतल्या एका साडीवाल्यांच्या फॉर्मवरून एकही चौकशी येत नाही अशी तक्रार होती, सगळ्या चौकश्या होस्टिंगच्या आत साचल्या होत्या. उपाय दोन मिनिटांचा आहे, सी-पॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडून 'रिमोट मेल एक्स्चेंजर' करा.

आता कॅच-ऑल चालू असताना काय करायचं. एक माणूस ठरवा, नाव घेऊन, की रोज सकाळी हा बॉक्स बघायचा, स्पॅमच्या फोल्डरसकट. कुणीही बघेल असं ठेवलं तर कुणीच बघत नाही. आणि मेल कुणाचा आला यापेक्षा कोणत्या पत्त्यावर आला ते एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवा. काही दिवसांत दिसेल की लोक तेच ते सात-आठ पत्ते लिहून राहिले. ऑर्डर, ऑर्डर्स, सेल, सेल्स, अकाउंट, अकाउंट्स, इन्फो, मालकाचं नाव, मालकाच्या नावाचं दुसरं स्पेलिंग. आपल्याकडे पत्ता फोनवर सांगितला जातो, मागे मशीन चालू असते, ऐकणाऱ्याला व्ही आणि बी सारखंच ऐकू येते, त्यातून जोशीचं स्पेलिंग कुणी आय लावून करतो कुणी वाय लावून. जुन्या बिलबुकावर किंवा टेम्पोच्या मागे वेगळाच पत्ता छापलेला असतो तोही इथेच उघडा पडतो.

हे सगळे पत्ते एलियास करा. गूगल वर्कस्पेसमध्ये एका यूजरला ३० पर्यंत एलियास जादा पैसे न देता मिळतात, तीन-चार माणसांच्या ऑफिसला ते भरपूर झाले. ज्या पत्त्याचे मेल दोघांना पाहिजे, समजा अकाउंट्सचे मेल तुम्हालाही आणि मुनीमजींनाही, त्याचा ग्रुप करा. पोस्टमास्टर नावाचा पत्ता चालू राहू द्या, मेलच्या नियमांप्रमाणे, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५३२१ प्रमाणे, मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर तो असायलाच पाहिजे. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये इन्फो, सेल्स, सपोर्ट, अब्यूज अशी नेहमीची नावं ठरवून दिली आहेत, त्यातली तुमच्या कामाची घेऊन टाका.

कॅच-ऑल कायम ठेवणारे लोक एक फायदा सांगतात आणि तो खरा आहे: प्रत्येक पोर्टलवर रजिस्ट्रेशन करताना वेगळा पत्ता द्यायचा, मग ज्या पत्त्यावर भलतेच मेल यायला लागले त्या पोर्टलकडून आपला पत्ता बाहेर गेला हे कळते. पण त्यासाठी कॅच-ऑलच पाहिजे असं नाही, गूगलमध्ये आपल्या पत्त्यात अ‍ॅटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि पोर्टलचं नाव टाकलं तरी मेल आपल्याच बॉक्समध्ये येतो. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, तिथे एक एलियास खर्च करा.

जीएसटी, बँक, आणि डोमेन ज्याच्याकडून घेतलं तो रजिस्ट्रार, या तिघांना कॅच-ऑलच्या भरवशावर मनानं बनवलेला पत्ता कधीच देऊ नका. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे रजिस्ट्रेशनच्या वेळी दिलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणं ही नोटीस बजावायची मान्य पद्धत आहे, तेव्हा ती स्पॅममध्ये पडली होती हे सांगून काही उपयोग नाही. रजिस्ट्रारकडे तर आपल्या डोमेनवरचा पत्ता द्यायचाच नाही, मालकाचा साधा जीमेल द्या, कारण डोमेनची मुदत संपली की त्यावरचा मेलही बंद, मग रिन्यूअलचे आणि पासवर्ड बदलायचे मेल येणार कुठे.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचंही बघा. त्याचा अकाउंट डिलीट केला आणि कॅच-ऑल चालू असलं तर त्याच्या नावावर आलेले सगळे मेल, म्हणजे पोर्टलचे पासवर्ड बदलायच्या लिंकसकट, त्या बॉक्समध्ये यायला लागतात. कामाच्या मेलसाठी ते सोयीचंच आहे, पण मग त्या बॉक्सचा पासवर्ड ज्याच्या हाती त्याच्या हाती धंद्याच्या सगळ्या चाव्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावल्याशिवाय हा बॉक्स चालू करू नका, आणि ऑफिसच्या सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड तर बिलकुल नको.

उत्तर देताना ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून द्या, जीमेलमध्ये 'सेंड मेल अ‍ॅज'मध्ये एलियास टाकला की जमते. पार्टीनं ऑर्डरच्या पत्त्यावर लिहिलं आणि उत्तर मालकाच्या खाजगी जीमेलवरून गेलं, असं दोन-चारदा झालं की पार्टीला कोणत्याही पत्त्यावरून आलेला मेल तुमचाच वाटायला लागतो, आणि मग कुणी ठगानं 'आमचं बँक खातं बदललं आहे, पेमेंट या नंबरवर करा' असं लिहिलं तरी ती विश्वास ठेवते. यात लोकांचे खरोखरचे पैसे गेले आहेत, म्हणून मी एवढं मागे लागून सांगतो. एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही लावून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोनपैकी एक तरी लागतेच. एसपीएफचं रेकॉर्ड डोमेनवर एकच ठेवा, होस्टिंगवाल्याचं एक आणि गूगलचं एक अशी दोन झाली की दोन्ही निकामी होतात, एकाच ओळीत दोघांना घ्यायचं असते. डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं रेकॉर्ड) पण टाका, सुरुवातीला त्यात p=none ठेवा, म्हणजे काही अडवलं जात नाही, आणि रिपोर्ट बघून मग कडक करा.

नवीन पत्ते यायचे थांबले, म्हणजे वहीत दोन-तीन आठवडे नवं काही चढलं नाही, की कॅच-ऑल काढा. गूगलमध्ये ती राउटिंगची सेटिंग डिलीट करा, सी-पॅनेलमध्ये डिफॉल्ट अ‍ॅड्रेसला पाठवणाऱ्याला एरर देऊन डिस्कार्ड करायचा पर्याय निवडा, नुसतं डिस्कार्ड नाही. मग घरच्या जीमेलवरून आपल्या डोमेनवर काहीतरी ऊटपटांग नाव टाकून एक मेल पाठवा. बाउन्स परत आला म्हणजे बंद झालं. त्यानंतर प्रत्येक एलियासवर एक-एक मेल टाकून बघा, सगळे पोचले पाहिजेत. नाही पोचले तर तुमचं एमएक्स कुठे आहे आणि नेमकी एरर काय आली ते इथेच खाली लिहा, बघून सांगतो.