लहान जहाजावरची नोकरी: खालच्या डेकवरून उत्तरं

ध्रुवीय प्रदेशात जाणाऱ्या लहान एक्स्पिडिशन जहाजांवर मी हाउसकीपिंगमध्ये काम करते. मागच्या अंकात तसा दोन ओळींचा परिचय छापून आला आणि पत्रं यायला लागली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. जहाज चालवणारी माणसं वेगळी. माझी उत्तरं केबिन आवरणाऱ्या माणसाची आहेत.

प्रश्न: ताई, माझी एका लहान एक्स्पिडिशन जहाजावर केबिन स्टुअर्ड म्हणून निवड झाली आहे. मोठ्या क्रूझवर असलेल्या मैत्रिणी म्हणतात, लहान जहाजावर निवांत असतं. खरं आहे का? दिवस कसा जातो?

निवांत नसतं, हे आधीच सांगते. पाहुणे शंभर-दोनशे असतात, पण हाउसकीपिंगची माणसंही बोटांवर मोजण्याइतकीच असतात. एक जण तापानं पडली की तिच्या केबिन त्याच सकाळी बाकीच्यांत वाटल्या जातात. बदली माणूस पुढच्या बंदराशिवाय येत नाही, आणि अंटार्क्टिकाच्या फेरीत पुढचं बंदर बहुधा निघालो तेच, म्हणजे अर्जेंटिनातलं उश्वाया असतं.

मोठ्या जहाजावर वेळापत्रक महिनोन् महिने आधी छापलेलं असतं. इथे उद्या कुठे उतरायचं ते आदल्या संध्याकाळी कळतं, आणि सकाळी वारा फिरला किंवा खाडीत बर्फ दाटला तर तेही बदलतं. आपलं सगळं काम पाहुणे बाहेर असतानाच्या फटीत बसवायचं असतं. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर असू शकतात. म्हणून जहाजावर त्याहून जास्त लोक असले की गट पडतात: काही किनाऱ्यावर, काही झोडियाकमधून, म्हणजे रबरी मोटरबोटीतून, हिमनगांच्या बाजूनं फिरायला. आपल्या डेकवरच्या कुठल्या केबिन कुठल्या गटात आहेत, हे नाश्त्याच्या वेळीच कागदावर लिहून खिशात ठेव. त्या क्रमानं आवर.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगात मुरव: एकदम सगळ्या केबिनच्या चादरी काढून ठेवायच्या नाहीत. घाईत तेच सोपं वाटतं. पण वारा वाढला की लँडिंग मध्येच थांबवतात आणि भिजलेले, गारठलेले पाहुणे तासभर आधीच दारात उभे राहतात. तेव्हा त्यांना उघडी गादी दिसता कामा नये. एक केबिन पूर्ण, मग दुसरी.

'केबिन स्टुअर्ड' हे पद नावापुरतं. लहान जहाजावर प्रत्येकाला दुसरं काहीतरी करावंच लागतं. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडताना एक दिवस बायोसिक्युरिटीचा, म्हणजे परकं बी-माती किनाऱ्यावर जाऊ नये म्हणून करायच्या तपासणीचा असतो. पाहुण्यांनी किनाऱ्यावर न्यायच्या सगळ्या वस्तू, म्हणजे जॅकेट, बॅग, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, टोपी, घेऊन यायचं आणि आपण त्या तपासायच्या. व्हॅक्यूमची बारीक नळी खिशांच्या शिवणीत फिरवायची, बुटाच्या तळव्यातली माती ब्रशनं काढायची. सगळ्यात चिवट जागा वेल्क्रो. कुठल्यातरी डोंगरावरच्या गवताचं कुसळ त्या हुकांत असं बसलेलं असतं की चिमट्यानंच निघतं. नवीन मुलांना हा सोपस्कार वाटतो, पण किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर पोचलेलं परकं गवत खरोखर रुजलं आहे. त्यामुळे मी तरी वेल्क्रोचा एकही पट्टा न उघडता पुढे सोडत नाही, मागे रांग कितीही लांब असो. परतताना पुन्हा बूट: पेंग्विनची विष्ठा घासून काढायची, मग जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खाऊन ती गुलाबी झालेली असते आणि तिचा वास मडरूममधून, म्हणजे बूट काढायच्या खोलीतून, कॉरिडॉरपर्यंत येतो. त्या वासाची सवय होते.

संध्याकाळचं एक काम मला या सगळ्या नोकरीत सगळ्यात जवळचं आहे. अंधार पडायच्या आत प्रत्येक केबिनच्या, लाउंजच्या, जेवणघराच्या खिडक्यांचे जाड पडदे पूर्ण ओढून घ्यायचे. रात्री धुक्यात किंवा बर्फ पडत असताना उजेडाकडे पेट्रेलसारखे समुद्रपक्षी खेचले जातात आणि काचेवर, लोखंडावर येऊन आदळतात. म्हणून डेकवरचे दिवेही कमीत कमी ठेवतात. कुणी पाहुणा 'बाहेरचं दिसू दे की' म्हणाला तर त्याला शांतपणे कारण सांगायचं. कळल्यावर हट्ट करणारा क्वचितच भेटतो. एखादा पक्षी तरीही डेकवर सापडतोच. तळहातात मावेल एवढा स्टॉर्म पेट्रेल, पंख अर्धवट उघडे, चोचीच्या वरच्या नळीजवळ ओलसर. आपण स्वतः उचलायचा नाही, पाहुण्यांना किनाऱ्यावर नेणाऱ्या एक्स्पिडिशन टीमला बोलवायचं. ते हातमोजे घालून त्याला अंधाऱ्या, कोरड्या खोक्यात ठेवतात, खोकं द्यायचं काम आपलं. अंग सुकून तो सावरला की दिवे मालवलेल्या बाजूनं सोडून देतात. पडद्याची दोन बोटांची फटसुद्धा राहू देऊ नकोस.

फेरी संपते त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. सकाळी जुने पाहुणे उतरतात, दुपारी नवे चढतात, मधल्या वेळात सगळं जहाज नव्यानं लावायचं. त्या दिवशी जेवायला बसायला मिळेल असं धरून चालू नकोस. आदल्या रात्री लवकर झोप.

प्रश्न: मला बसमध्येही मळमळतं. ड्रेक पॅसेजबद्दल ऐकून भीती वाटते. बोट लागणाऱ्यानं ही नोकरी करूच नये का?

बोट लागते म्हणून लाज वाटायचं काही कारण नाही. ड्रेक ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि वर्षानुवर्षं समुद्रावर काढलेली माणसंही त्यात आडवी होतात. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. फार थोड्यांचं कधीच घेत नाही, आणि त्यांनी जमिनीवरची नोकरी धरावी हे मी स्पष्टच सांगते. यात हार-जीत नाही.

औषध घ्यायचं तर जहाज हलायला लागायच्या आधी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. पण डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत जिन्यावरून चादरींचं ओझं नेणं धोक्याचं आहे. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आलं, असं थोडं थोडं खात राहा. क्रूच्या केबिन खाली, पाण्याच्या पातळीजवळ असतात. तिथे खिडकी नसली तरी वरच्या मजल्यापेक्षा हेलकावा कमी जाणवतो. सगळ्यात वाईट जागा पुढच्या टोकाची. तिथल्या केबिन वादळाच्या दिवशी कुणाला द्यायच्या, हे सुपरवायझरशी बोलून ठरवा. चांगली सुपरवायझर त्या वाटून घेऊ देते.

वादळात काम करायची रीत वेगळी असते. एक हात नेहमी कठड्यासाठी मोकळा. म्हणजे नेहमीच्या निम्मंच सामान उचलायचं आणि दोन खेपा घालायच्या. कॉरिडॉरच्या कठड्यामागे थोड्या थोड्या अंतरावर कागदी पिशव्या खोचून ठेवायच्या, संपल्या की लगेच भरायच्या. पाहुण्यांच्या टेबलावरच्या बाटल्या, लॅपटॉप, चष्मे खाली किंवा खणात. आणि दारं! जहाजाचं दार जड असतं. जहाज कललं की ते आपोआप फिरतं, आणि चौकटीवर टेकलेली बोटं त्यात सापडतात. हात टेकायचा तो कठड्यावर किंवा दाराच्या मुठीवर, चौकटीवर कधीच नाही. पाहुण्यांनाही हे दिवसातून दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

प्रश्न: माझी मुलगी अशा जहाजावर जायचं म्हणते. बर्फाला आपटून बुडालेल्या जहाजाची बातमी मी वाचली होती. आई म्हणून मला झोप लागेल का? खरं ते सांगा.

आई, तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक 'एक्स्प्लोरर'ची असेल. 1969 साली खास अशा सफरींसाठी बांधलेलं ते जहाज 23 नोव्हेंबर 2007 ला साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला लागून बुडालं. जहाजावर 154 माणसं होती. लाइफबोटींत आणि झोडियाकमध्ये त्यांनी थंडीत काही तास काढले आणि 'नॉर्डनॉर्गे' या दुसऱ्या प्रवासी जहाजानं त्या सगळ्यांना उचललं. एकही माणूस गेलं नाही. धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही, पण त्या दिवशी हवा शांत होती, मदत जवळ होती आणि लोक वेळेवर बोटींत उतरले होते. पहिल्या दोन गोष्टी कुणाच्या हातात नसतात. तिसरी क्रूच्या हातात असते, आणि म्हणून आम्ही दर आठवड्याला ड्रिल करतो.

तुमच्या मुलीला चढण्याआधीच समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं आणि प्रथमोपचार यांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. त्याशिवाय तिला घेणारच नाहीत. जहाजावर तिला एक नेमून दिलेलं काम असेल. हाउसकीपिंगच्या माणसाकडे बहुधा केबिन तपासण्याचं येतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या डेकवरची प्रत्येक केबिन उघडायची, न्हाणीघरात बघायचं, पलंगाच्या पलीकडे बघायचं, कपाट उघडायचं, मोठ्यानं हाक मारायची, मग दाराला खूण करून पुढे जायचं. घाबरलेलं माणूस कुठेही दडून बसतं, आणि कमी ऐकू येणारे वयस्क पाहुणे तर भोंग्यातही झोपलेले असू शकतात. ड्रिलमध्ये हे सगळं खरं समजून करणारी मुलगी असेल तर तिच्याबरोबर मी कुठल्याही समुद्रात जाईन. 1 जानेवारी 2017 पासून ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांना पोलर कोडही लागू आहे. बांधणी, लाइफबोटींची सामग्री, ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांचं बर्फातलं प्रशिक्षण, सगळ्यावर त्यात अटी आहेत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मनात आणखी एक काळजी असेल. मुलींना केबिन मुलींबरोबरच मिळते का, आतून कडी लागते का, आणि कुणी त्रास दिला तर वरिष्ठांना ओलांडून थेट कॅप्टनकडे जाता येतं का, हे तिला सही करण्याआधी लेखी विचारायला सांगा. जहाजावर तक्रारीची पद्धत असणं आणि तक्रार केल्याबद्दल शिक्षा न होणं हा खलाशी कामगारांचा आंतरराष्ट्रीय कायद्यानं दिलेला हक्क आहे.

प्रश्न: क्रूला पेंग्विन बघायला मिळतात की फक्त पाहुण्यांना?

मिळतात, पण ते जहाजावर अवलंबून आहे. बऱ्याच जहाजांवर पाहुणे परतायला लागले आणि झोडियाकमध्ये जागा असली की 'क्रू लँडिंग' पुकारतात. तेव्हा स्वयंपाकघर, लाँड्री, इंजिन रूम, जिथून जो सुटेल तो बूट चढवतो. नियम आपल्यालाही तेच: पेंग्विनपासून किमान पाच मीटर, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, काही खायचं नाही, खडासुद्धा उचलायचा नाही. बर्ड फ्लू त्या भागात पोचल्यापासून जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, बॅग ठेवणंही बंद आहे.

पोर्ट लॉकरॉयला बाहेर जाता आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. 1944 च्या त्या जुन्या ब्रिटिश तळावर आता टपाल कार्यालय आणि संग्रहालय आहे. तिथे राहणाऱ्या मोजक्या कर्मचाऱ्यांना वाहतं पाणी नसतं. मग तेच जहाजावर अंघोळीला येतात. त्यांच्यासाठी गरम टॉवेल काढून ठेवायला मला फार आवडतं.

प्रश्न: एक एजंट 'नोकरी लावून देतो' म्हणून मोठी रक्कम मागतो आहे. तो म्हणतो, लहान जहाजांची पद्धतच अशी आहे. शिवाय रोज सोळा तास काम करावं लागेल म्हणतो.

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पैसे देऊ नका. सागरी कामगार करार, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी लावून दिल्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, खलाशी पुस्तिका आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. व्हिसाचा खर्च मात्र मालकाचा. केबिन झाडणाराही या कायद्यानं खलाशीच आहे. जहाज लहान म्हणून यातून सूट मिळत नाही.

तासांचं असं: विश्रांतीचा नियम पाळणाऱ्या जहाजावर चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. दहा तासांचे फार तर दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा असावा लागतो. दिवस लांब असतात, मी ते लपवत नाही, पण रोज सोळा तास या हिशेबात बसूच शकत नाहीत. विश्रांतीच्या तक्त्यावर महिन्याला तुमची सही घेतात. तक्त्यात आठ तास काम लिहिलंय आणि तुम्ही बारा केलंय, असं असेल तर सही करू नका, तिथेच विचारा. हे मी तळमळीनं सांगते आहे, कारण थकलेल्या माणसाचीच बोटं दारात सापडतात आणि थकलेलंच माणूस ड्रिलमध्ये कपाट उघडायचं विसरतं.

एजंटला आता एवढंच सांगा: जहाजाचं नाव, मालक कंपनीचं नाव आणि कराराचा मसुदा पाठवा. मसुद्यात पगार, कराराची मुदत, कामाचे तास, ओव्हरटाइम आणि घरी परतण्याचं तिकीट कोण काढणार हे लिहिलेलं असलं पाहिजे. मग त्या कंपनीच्या कार्यालयाला स्वतः लिहून विचारा, हा माणूस तुमचा आहे का. त्यांचं उत्तर येईपर्यंत त्याला मूळ पासपोर्टही देऊ नका.