क्रेन नंतर, आधी वायरिंग

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलंय. मुलगा 16 वर्षांचा, यंदा दहावीला 61 टक्के मिळाले. उन्हाळ्याच्या सुटीपासून हायवेवरच्या ट्रक वायरिंगच्या गॅरेजवर जातो आणि आता शिक्षण नको म्हणतो. मामांचं म्हणणं, जुनी क्रेन घेऊन देऊ, टोचनच्या, म्हणजे बंद गाड्या ओढून नेण्याच्या धंद्यात रोकडा आहे. वडिलांच्या मनात आयटीआय आहे, पण इंग्रजी नावांची धास्ती वाटते. त्यांच्याच शब्दांत, ‘पोऱ्या हातना चांगला शे, पन पुस्तक दखं का त्याले झोप येस.’

भाऊसाहेब, नमस्कार.

नावांची काळजी सोडा. सेल्फ, आर्मेचर, कार्बन, सोलेनॉइड, रिले, फ्यूज, वायपर मोटर या वस्तू तुमचा मुलगा रोज हाताळतोय. पुस्तक सेल्फला स्टार्टर मोटर म्हणेल, पाट्याला लीफ स्प्रिंग म्हणेल. आणि आपल्याकडे अजूनही ज्याला डायनामो म्हणतात तो अल्टरनेटर आहे, हे आयटीआयत कळेल. वस्तू ओळखीची असली की नाव महिन्या-दोन महिन्यांत तोंडी बसतं.

खरी अडचण वेगळी आहे. गॅरेजवर तो टेस्ट लॅम्प लावून करंट आला की नाही एवढंच बघायला शिकतो. समजा ट्रक सेल्फ घेत नाही. दोन्ही बॅटऱ्या नव्या, सेल्फ खोलून पाहिला तर तोही ठणठणीत. आता काय करायचं? कोणीतरी सेल्फ मारत असताना व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावायची. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की दोष अर्थिंगच्या केबलमध्ये. गंजलेला बोल्ट घासून आवळला की गाडी चालू. टेस्ट लॅम्प इथे गप्प बसतो, आणि गाडीमालकाच्या माथी नवा सेल्फ मारला जातो. रिलेचं, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचंही तसंच. त्याच्या बुडाशी आकडे छापलेले असतात: 85 आणि 86 म्हणजे कॉइल, 30 ला बॅटरीची लाइन, 87 मधून पुढे दिव्याला किंवा हॉर्नला. हे वाचायला इंग्रजी लागतच नाही, सर्किटचा कागद समोर ठेवून कोणीतरी शिकवायला मात्र हवं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचं कडक बंधन आलं आणि ही गरज आणखी वाढली. ट्रकमध्ये सेन्सर आले, धूर स्वच्छ करायला युरियाची टाकी आली, कंट्रोल युनिट म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलू लागले. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मोजलं तर साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर तरी गेलाय किंवा मध्ये तार तरी तुटलीय. तिथे सवयीने टेस्ट लॅम्प टोचला तर महागडं युनिट जळू शकतं. नुसत्या हाताच्या जोरावर निभावण्याचा काळ या धंद्यातून चाललाय, हे माझं स्पष्ट मत.

म्हणून आयटीआय कराच. डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एका वर्षाचा आहे, पण माझी पसंती मेकॅनिक मोटर व्हेइकलला, दोन वर्षांच्या. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आज तो नको म्हणेल, विसाव्या वर्षी कदाचित हवा वाटेल. आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप करावी. एसटीच्या जळगाव आणि धुळे विभागांत त्यासाठी जागा निघतात. विद्यावेतन बेताचंच असतं, पण डेपोत एकाच दोषाच्या दहा गाड्या बघायला मिळतात.

आता मामांची क्रेन. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. एकीकडे कोंडाईबारी, दुसरीकडे लळिंग, वर बिजासन, खाली चाळीसगावचा कन्नड घाट. गाड्या बंद पडणारच. पण ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला कायद्याने 20 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे चार वर्षं ड्रायव्हरचा पगार तुम्ही देणार, हप्ते तुम्ही भरणार आणि मुलगा शेजारी बसून साखळ्या ओढणार.

शिवाय टोचन म्हणजे हुक अडकवून ओढणं नव्हे. ट्रक लांब न्यायचा तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, आधी सोडवावा लागतो. नाहीतर इंजिन बंद, चाकं फिरतायत आणि गिअरबॉक्सला आतून तेल नीट पोचत नाही. गॅरेजला पोचेपर्यंत बंद गाडीच्या दुरुस्तीत गिअरबॉक्सची भर पडते. ब्रेकच्या टाकीतली हवा उतरलेल्या ट्रकचे मागचे स्प्रिंग ब्रेक जाम असतात. ते सोडवायचे कसे आणि उतारावर त्याआधी चाकाला ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळ्याची अडण, कशी लावायची, हे न कळणारा माणूस जीव घेईल. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक कार फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट हौद्याच्या गाडीवर चढवूनच न्यावी. विंचचा, म्हणजे ओढायच्या चरखीचा रोप कप्पीतून वळवून परत आणला, तर कप्पीच्या शॅकलवर, म्हणजे ती अडकवायच्या कडीवर रोपाच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो. त्यावर कोरलेला भाराचा आकडा न बघता घाटात गाडी ओढणारे मात्र पुष्कळ आहेत. ट्रेलरमध्ये किंगपिन, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणारा खिळा, 50 मिलिमीटरचा की 90 चा, मागच्या दिव्यांच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये कोणती पिन कशाची, हेही यायला हवं. मामांना सांगा, पैसे राखून ठेवा. मुलाची अप्रेंटिसशिप झाली की क्रेनचं बोलू.

गॅरेजशी संबंध तोडू नका. सुटीच्या दिवशी जाऊ द्या आणि हजाराच्या आतला एक डिजिटल मल्टिमीटर घेऊन द्या.

आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीने होतात. पसंतीक्रम भरताना हा ट्रेड कोणत्या संस्थेत आहे ते आधी पाहा. पारोळ्याहून जळगाव आणि धुळे दोन्ही बाजू खुल्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर जमवायला आजच लागा. निकालानंतरच्या या दिवसांत तहसीलच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.